आक्का, हाडांवरून काढलेलं तुझं वय

आक्का,

तुझं वय काय लिहायचं, यावरून तू गेल्यावरसुद्धा भांडण झालं बघ. दवाखान्याच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं, "मयताचं वय?" दाजी म्हणाले, "चौतीस." मी म्हणाले, "बत्तीस." तो माणूस आळीपाळीनं आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघायला लागला. मागं बाकड्यावर आत्या बसली होती. आपली सख्खी आत्या आणि तुझी सासू. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "मेलेल्या माणसाचं वय काय करायचंय बाबा? लिव कायबी."

शेवटी चौतीस लिहिलं. आधार कार्डावर तेच होतं. आणि कार्डावर ते कुठून आलं, हे आत्याला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि तुला तर होतंच. तुझ्या मनगटाच्या एक्स-रेवरून आलं.

दाजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "नंदा, दोन वर्सानं आता काय फरक पडतो गं?" तुला डाळजला, तुझ्या सासरी, न्यायचं होतं, गाडीवाला घाई करत होता, आणि अंकिता भिंतीला टेकून उभी होती. तुझी पोर त्या दिवशी रडलीसुद्धा नाही. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि तुझ्यावर चिडत राहिले. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी चिडले. अजून चिडलेली आहे.

आपल्या घरात तुझं वय कधी कुणी लपवलं नव्हतं. कुणाला मोजायचंच नव्हतं, एवढंच. आई हजार वेळा सांगायची, "नंदी पोटात व्हती तवा आक्का नुकती चालाय लागली व्हती." म्हणजे तू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, फार तर. हा काय अवघड हिशेब आहे? तुझं लग्न ठरलं तेव्हा मी नववीत होते. आता माझाही जन्म गुरुजींनी एक जूनला लावलेला, ते सोड. पण नववीतल्या पोरीची दोन वर्षांनी मोठी बहीण अठराची कशी होईल? बोटं मोजता येणाऱ्या कुणालाही कळलं असतं. आपल्या बापाला, तात्यांना, तर मेंढरं मोजायची सवय होती. कळपातलं एक कोकरू कमी असलं तर नुसत्या नजरेनं कळायचं त्यांना.

मला शाळा मिळाली ती मामांनी हट्ट केला म्हणून. मी जळोचीला मामांकडं राहिले आणि तू मेंढरांमागं. दिवाळी झाली की तात्या आणि आई कोकणाच्या वाटेला लागायचे. घोड्यावर संसार, टोपल्यात कोंबडी आणि मागं तू, काखेत एखादं नुकतं जन्मलेलं कोकरू घेऊन. दोघींपैकी एकीनं कोकरं सांभाळायला जाणं भागच होतं. तू मोठी, म्हणून तू. पावसाळ्याला परत आलीस की माझ्या वह्या उलट्या धरून बघायचीस आणि म्हणायचीस, "एवढ्या बारक्या मुंग्या कशा गं वळखतीस?" मी हसायचे. तूही हसायचीस. मग तुझ्या पायाच्या भेगांत मी आमसुलाचं तेल भरायचे, ते तूच कोकणातून आणलेलं असायचं. तू "आई गं, आई गं" करायचीस आणि पाय मात्र मागं घ्यायची नाहीस.

हळदीच्या आदल्या दिवशी मी शाळेतल्या बाईंना सांगितलं, माझ्या बहिणीचं लग्न आहे आणि ती सोळाची आहे. बाईंनी फोन केला. मांडवात ग्रामसेवक आले, मागून पोलिसांची जीप आली. तुझा ना कुठं जन्म नोंदलेला, ना शाळेत नाव. कुठल्याशा माळावर, मेंढरांच्या मुक्कामात जन्मलीस तू. तात्या म्हणाले, अठरा पूर्ण. आत्या म्हणाली, एकोणीस. आई खाली बघत बसली. मग कुणीतरी म्हणालं, बारामतीला न्या, हाडांचा एक्स-रे काढला की वय कळतं.

तात्यांना ते लगेच पटलं. का पटणार नाही? आयुष्यभर त्यांनी मेंढरांचं वय दातांवरून सांगितलं होतं. जबडा उघडायचा, अंगठा फिरवायचा, दोन दाती, चार दाती, संपलं. ते भर मांडवात म्हणाले, "मेंढराचं वय दातावरनं, माणसाचं हाडावरनं. चला, व्हाऊ द्या दूध का दूध." आणि वऱ्हाड निघाल्यासारखे आपण सगळे बारामतीला निघालो.

त्या खोलीत मी तुझ्याबरोबर होते, कारण तू माझा हात सोडत नव्हतीस. आधी डॉक्टरांनी तुझं तोंड उघडून टॉर्च मारला आणि मागच्या दाढा बघितल्या. मग एक्स-रेवाल्यानं सांगितलं, हात सपाट ठेव, बोटं पसर. तुझ्या हातात हिरवा चुडा भरलेला. तो म्हणाला, बांगड्या काढा, फोटोत येतात. आत्या दारातून ओरडली, "चुडा उतरायचा न्हाय! अपशकुन व्हतो!" मग मनगटाचा फोटो काढताना बांगड्या कोपराकडं सरकवल्या आणि कोपराचा काढताना मनगटाकडं. शेवटी कमरेचा फोटो. त्यासाठी तुला टेबलावर आडवं केलं, तेव्हा तू डोळे घट्ट मिटून घेतलेस. तो म्हणाला, "हलायचं नाही, श्वास धरायचा." तू एवढा वेळ धरलास की "सोडा" म्हणायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही, आणि मीच म्हणाले, "सोड गं आक्का."

बाहेर आल्यावर तू मला एकच वाक्य बोललीस. "मेंढरावानी जबडा उघडून बघितलं."

आणि त्याआधी, पडद्याआड, डॉक्टरांनी तुला हळूच विचारलं होतं. "बाळ, घाबरू नकोस. तुझं वय किती?" मी ऐकलं. तू म्हणालीस, "अठरा."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते अजून संपलेलं नाही आणि आता त्याचा एक गडी उठून गेला.

रिपोर्टात लिहून आलं, वय सतरा ते एकोणीसच्या दरम्यान. डॉक्टर तरी काय करणार? हाडं तेवढंच सांगतात. पण तात्यांनी ते ऐकलं आणि बाजारात सौदा तोडतात तसं करून टाकलं. एक म्हणतो सतराशे, एक म्हणतो एकोणीसशे, तोडा मधे. "सतरा आणि एकोणीस, मधलं अठरा!" म्हणाले. ग्रामसेवकांच्या हातात हात दिला. मांडवात टाळ्या पडल्या गं. आत्यानं माझ्या गालाला हळद फासली आणि म्हणाली, "बघ, मशीन खोटं बोलत न्हाय." दुसऱ्या दिवशी तुझं लग्न लागलं. तू पाठवणीला माझ्याकडं बघितलं नाहीस.

पुढं दोन दिवाळ्या तू माझ्याशी बोलली नव्हतीस. डाळजला आले तर चहा द्यायचीस आणि आत निघून जायचीस. माझ्यामुळं तुझ्या मांडवात पोलीस आले, हे तुझं दुखणं. तुझ्यामुळं मी एकटी पडले, हे माझं. अंकिता तेव्हा तुझ्या काखेत होती. अंगानं थोराड असलीस तरी तोंडावरून तू पोरच दिसत होतीस, आणि मला ते बघवत नव्हतं.

मग एकदा तू टोमॅटोच्या बागेत सुतळ्या बांधत होतीस. मी मागं लागले, "का सांगितलंस तू अठरा? त्यांनी तुला विचारलं होतं आक्का. सोळा म्हणाली असतीस तर तिथंच थांबलं असतं सगळं." तू सुतळी दातानं तोडलीस आणि म्हणालीस, "मला दार पायजे व्हतं."

मला कळलं नाही. तू म्हणालीस, "नंदे, तू मामाच्या घरात निजायचीस. तुला दार व्हतं. मी जलमल्यापास्नं उघड्यावर निजले. रातच्याला कुतरं भुकलं की तात्या काठी घेऊन उठायचे आणि मी तोंडावर घोंगडं वढायची. आत्याच्या घराला दार हाय, दाराला कडी हाय. मला आतनं कडी लावून निजायचं व्हतं, बाकी काय न्हाय."

तेव्हा मला आठवलं, लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत आत्या तक्रार करायची, की सून येडी हाय, भरदिवसा कडी लावती आणि काढती, लावती आणि काढती. आम्ही सगळे हसलो होतो त्यावर.

सोळा वर्षांच्या पोरीला दार हवं असेल तर ते तिला आईबापानं द्यायचं की नवऱ्यानं, एवढाच माझा मुद्दा होता. पण तो मला तिथं, तुझ्यासमोर, त्या उन्हात सुचला नाही. घरी येईपर्यंत सुचला.

मी एक्स-रे शिकायला गेले ते तुझ्यामुळंच, हे तुला कधी सांगितलं नाही. त्या दिवशी त्या माणसानं तुझ्या हाताची फिल्म खिडकीकडं धरली होती. सगळे वय किती, वय किती करत होते आणि मी नुसती तुझा हात बघत होते. ज्या हातानं तू मला भाकरी खायला घातलीस, त्याच्या आत एवढी बारीक, एवढी नीट मांडलेली हाडं. मला तेव्हा रडू आलं होतं. आणि मनगटाच्या वर एक पुसट रेघ होती. ती मला काय आहे ते कळलं नव्हतं.

ती मला शिकताना कळली. पोराटोरांच्या हाडाचं टोक आणि दांडा वेगवेगळे असतात, मधे कुर्चा असते. कुर्चा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून तिथं काळी फट दिसते, जणू हाडावर टोपी अधांतरी ठेवली आहे. वाढ सरत आली की फट भरत जाते, आधी कोपराची, मग मनगटाची, कमरेची सगळ्यात शेवटी. भरून झालं तरी काही काळ तिथं एक पुसट रेघ राहते. पोरींची फट पोरांच्या आधी भरते. एखादी लवकर मोठी होते, एखादी उशिरा. खाणं, आजारपण, घराण्याची चण, सगळ्यानं फरक पडतो. वर्ष-दोन वर्षं इकडं किंवा तिकडं. हाड एवढंच सांगतं की वाढ इथवर आली. वाढदिवस हाडाला ठाऊक नसतो.

मी तशीच बस धरून डाळजला आले होते, आठवतं? भिगवणला उतरून पुढं वडापच्या जीपनं. दारातूनच ओरडले, "तू सोळाचीच होतीस! ती रेघ ताजी होती. तू थोराड होतीस म्हणून फट मिटली लवकर." तू चिलापी साफ करत होतीस, हात खवल्यांनी भरलेले. शांतपणे म्हणालीस, "बरं. मग आता काय करू? माघारी जाऊ व्हय?"

असं बोलायचीस तू. माणसानं मैलोगणती धावत यावं आणि तू एका वाक्यात खाली बसवावं. मग त्याच चिलापीचं कालवण मला पोटभर खायला घातलंस, काटे काढून. मी तिशीला आले तरी माशातले काटे तूच काढायचीस. बारामतीच्या बसमधे कंडक्टरकडं माझ्यासाठी भेंडीची पिशवी द्यायचीस आणि फोन करून दम द्यायचीस, "इकू नगं, खा." यासाठी मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात तसं बोलायची रीत नाही. आज मानते.

पाठ दुखते म्हणायला लागलीस तेव्हा मी पहिल्याच दिवशी म्हणाले, ये, फोटो काढू. तू म्हणालीस, "एकदा काढला की. त्यानं काय भलं झालं?" गावातल्या दवाखान्यात इंजेक्शनं घेतलीस. गोळ्या खाल्ल्यास. आत्यानं मोहरीच्या तेलानं चोळलं. संध्याकाळचा ताप यायला लागला तो तू सांगितलासच नाही. मी चिडून बोलायची बंद झाले, तू भेंडी पाठवायची बंद झाली नाहीस. तू त्या टेबलाला भीत होतीस, हे मला फार उशिरा कळलं. रोज पन्नास माणसं माझ्यासमोर त्या टेबलावर आडवी होतात, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला त्याचीच धास्ती होती.

शेवटी दाजींनी तुला उचलून माझ्या दवाखान्यात आणलं, कारण तुझे पाय जड पडायला लागले होते. मी तुला सरळ झोपवून फोटो काढला, मग कुशीवर वळवून काढला. पाठीचा कणा दोन्हीकडून बघावा लागतो. समोरून बघितलं तर मणके एकावर एक बरे दिसत होते. मग कुशीवरचा फोटो पडद्यावर आला. मधले दोन मणके पुढच्या बाजूनं खचून एकमेकांत शिरले होते आणि त्यांच्यामधली जागा संपली होती. हाडाचा टीबी. बाकीच्या तपासण्या नंतर झाल्या, पण मला तिथंच कळलं. एक्स-रेत एवढं दिसतं तोवर आत बरंच खाऊन झालेलं असतं, हेही मला ठाऊक होतं. ते ठाऊक नसतं तर बरं झालं असतं.

तू टेबलावरून मान वळवून माझ्याकडं बघितलंस. माझं तोंड बघून तुला समजलं असणार. तरी म्हणालीस काय, तर, "नंदे, आता हाडं बघून किती वर्साची दिसते मी?"

मी म्हणाले, "साठीची."

"बघ," तू म्हणालीस. "तवा दोन वर्सं वाढवली व्हती. आता तूच तीस वाढवलीस."

आणि हसलीस. आक्का, त्या हसण्यासाठी मी तुला माफ करणार नाही. मी त्या काचेमागं बसून तोंडात ओढणी कोंबून रडले आणि बाहेर पुढचा पेशंट हाका मारत होता.

नंतरचं तुला सांगायला नको. औषधं तू नेमानं घेतलीस, पण पाय परत आले नाहीत. पाठीला जखमा पडल्या, त्या भरेनात. दाजी तुला कूस बदलून द्यायचे, आणि एका शब्दानं कधी कंटाळले नाहीत, हे मी इथं लिहून ठेवते, कारण मी त्या माणसाला बरीच वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या आहेत. अंकिता शाळेतून आली की तुझी वेणी घालायची. तू माझ्याशी तिच्याबद्दल बोलायचीस, तेही अर्धवट. एकदा म्हणालीस, "पोर माझ्यावर गेली. थोराड हाय." मी म्हणाले, "मग?" तू छताकडं बघत राहिलीस आणि म्हणालीस, "मग काय न्हाय." पुढचं बोलली नाहीस. मीही विचारलं नाही, कारण मला वाटलं, वेळ आहे.

वेळ नव्हता. जखमांतलं विष अंगात भिनलं आणि तू गेलीस.

तेराव्याला जेवणं उठली. पत्रावळी उचलून होत नाहीत तोवर आत्यानं विषय काढला. अंकिताचं लगीन वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतंय. स्थळ तिच्या मनात होतंच. इंदापूरच्या बाजूचं, तिच्या दिरांच्या नात्यातलं. पोराची पिकअप आहे, माळवं मार्केटला नेतो. मी म्हणाले, "आत्या, पोरगी दहावीत आहे. पंधराची आहे." ती म्हणाली, "आता बिनआईच्या पोरीला घरात कोण सांभाळणार? मी किती दिवसाची?" बाकी सगळ्यांनी माना डोलावल्या. दाजी सुपारी कातरत होते, ते कातरतच राहिले.

आणि काल ते माझ्या एक्स-रेच्या खोलीत आले. आत्या, दाजी आणि अंकिता. दुपारची गर्दी ओसरली होती. आत्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "नंदा, हिच्या हाताचा फोटू काढ."

मी विचारलं, "हाताला काय झालं?"

"काय झालं न्हाय. शाळंत हिचं वय पंधरा लिवलंय. त्यो ग्रामसेवक आडवा येतोय. तू फोटू काढ आणि अठरा दाखव त्येला. आक्काचा काढला तसाच. बघ की पोरगी कशी दिसती. शाळंतला दाखला मास्तर लिवतो, हाडं देव लिवतो."

हसू की रडू ते कळेना. मी सांगितलं, "आत्या, दाखला असला की हाडं कुणी विचारत नाही. कायद्यानं दाखला आधी. ज्याच्याकडं कागदच नाही, त्याच्यासाठी हे. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, काही कारण नसताना पोरीच्या अंगातून मी किरणं सोडणार नाही."

"तू काढ तर खरं. मशीन काय ते बोलंल."

खरं सांगते आक्का, एक क्षण मला मोह झाला. आत्याचा देवावर नसेल एवढा विश्वास त्या मशीनवर आहे. अंकिताच्या मनगटात ती फट उघडी दिसली असती, तर मी ती आत्याच्या नाकासमोर धरली असती, आणि आत्या आयुष्यात परत या विषयावर बोलली नसती. सोपं होतं. पण मिटलेली असली तर? पोर तुझ्यावर गेली आहे. तुझ्यासारखीच उंच, तुझ्यासारखीच रुंद मनगटाची. तीच पुसट रेघ पडद्यावर आली असती, तर आत्यानं पंधराच्या पोरीला माझ्यासमोर अठराची केली असती, आणि तेही माझ्याच हातून. मी बटणावरून हात काढला आणि ओढणीत गुंडाळून घेतला.

"नाही काढणार," मी म्हणाले.

आत्या पेटली. "बहिणीचं लगीन मोडाय निघाली व्हतीस, आता तिच्या पोरीचं मोड! तुझं शिकून हेच व्हय गं?"

"व्हय. हेच," मी म्हणाले.

अंकिता एकदा आजीकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी विचारलं, "तुला काय पाहिजे अंकिता?" ती इतकं हळू बोलली की मला वाकावं लागलं. "मला परीक्षा द्यायची हाय."

मग दाजी बोलले. आल्यापासून पहिल्यांदाच. त्यांनी तिचा नाही, लग्नाचा नाही, दुसराच विषय काढला. "नंदा, तू त्या दिवशी खिडकीवर बत्तीस म्हणालीस. तवापास्नं डोक्यात घुमतंय माझ्या. मला खरं सांग. आमचं लगीन झालं तवा ती केवढी व्हती?"

आत्या म्हणाली, "अठरा! मशीननं..."

"आई, तू थांब. मी नंदाला इचारतोय."

मला किती वर्षं हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता. मी अंकिताच्या खांद्यावर हात ठेवला. "हिच्यापेक्षा एखाद्या वर्षानं मोठी, दाजी. जवळजवळ हिच्याएवढीच."

दाजींनी पोरीकडं बघितलं. रोज बघतात, पण तसं बघितलं नसावं. तिची शाळेची पिशवी, रिबिनीच्या दोन वेण्या, पायातल्या मोज्यांची सुटलेली इलॅस्टिक. बघता बघता त्यांचं तोंड वाकडं झालं. ते तिथंच, पेशंटांच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मला कुणी सांगितलं न्हाय. मला अठरा सांगितलं व्हतं."

आत्या भिंतीला टेकली. तिचा आवाज एकदम उतरला. "आमी बी तशाच आलो रं बाबा," ती म्हणाली. "मला तर मांडवात खांद्यावर बसवून आणलं व्हतं." आणि आक्का, पहिल्यांदाच मला त्या बाईची कीव आली. तिचा फोटो काढायला तर मशीनसुद्धा नव्हतं.

दाजी उठले. अंकिताची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली.

"फोटू?" आत्यानं विचारलं.

"न्हाय काढायचा. आणि लगीनबी न्हाय. वर्सात न्हाय, तीन वर्सांत न्हाय. ती म्हणंल तवा."

ते गेल्यावर मी दार लावून रडले. आत्या एवढ्यावर गप्प बसेल असं मला वाटत नाही. दाजी त्यांच्या शब्दावर किती दिवस टिकतील, तेही ठाऊक नाही. मी टिकेन. पण आक्का, मी पोरीसाठी रडले नाही. तू त्या टेबलावर श्वास धरून पडली होतीस, बाहेर दोन्हीकडची मिळून तीस-चाळीस माणसं उभी होती, बाप होता, आई होती, होणारा नवरा होता. त्यातल्या एकानं, फक्त एकानं, तेव्हा म्हणायला हवं होतं, न्हाय काढायचा, चल घरी.